गाडीच्या करंटवर ट्रेलरमधला फ्रिज गारच होईना, वायर बदलू का फ्रिज?

करूळ_घाट_उतरून

मंडळी जरा सल्ला पाहिजे, थोडं लांबडं होईल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकाकडनं छोटा कॅरव्हॅन ट्रेलर बनवून घेतलाय, आत दोघांचा बेड, एक ओटा आणि कोपऱ्यात एक जुना थ्री-वे फ्रिज. थ्री-वे म्हणजे १२ व्होल्ट, २३० व्होल्ट आणि गॅस अशा तिन्हीवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला, चालू आहे का बंद हे कान लावला तरी कळत नाही तसला. ६० लिटरचा आहे. घरात २३० वर लावला की एक नंबर, रात्री लावला तर सकाळी दुधाची पिशवी हातात धरवत नाही. गॅसवर पण चालतोय. पण ट्रेलर गाडीला जोडला आणि १२ व्होल्टवर टाकला की गगनबावड्यापर्यंत जरा दम धरतोय आणि मालवणात पोचेपर्यंत आतलं पाणी कोमट.

गाडी २०१४ ची डिझेल जीप, वडापची नव्हं, घरची. फ्रिजच्या मागच्या प्लेटवर १२ व्होल्टला १२० वॅट लिहिलंय म्हणजे १० अँपिअर धरा. ज्यानं वायरिंग केलं त्यानं मागच्या सात पिनच्या सॉकेटात एक पिन रिकामी होती तिच्यातनंच फ्रिजचा प्लस काढलाय, वायर दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची), मायनस ट्रेलरच्या चेसिसला बोल्ट मारून. बॅटरीपासनं फ्रिजपर्यंत एका बाजूनं ९ मीटर तरी होतंय.

मल्टीमीटर लावून बघितला. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१. फ्रिज बंद असताना फ्रिजच्या टोकाला पण १४ च दाखवतोय. फ्रिज चालू केला की तिथं डायरेक्ट १०.६. वायरिंगवाला म्हणतोय फ्रिज जुना हाय, हीटर गेलाय, नवा कॉम्प्रेसरवाला घेऊन टाका. घरात म्हणतायत आधी हा तरी नीट कर. काय करू? आजी पण बरोबर असते, तिचं इन्सुलिन असतंय, आणि येताना सुरमई आणायची असते ते वेगळंच.

तांबडा_पांढरा

सुरमई कोमट पाण्यात आणली तर घरात घेणार नाहीत भावा, ट्रेलरमध्येच झोपावं लागंल 😄

एक विचारतो, पाचशे व्हीएचा इन्व्हर्टर टाकून घरचा छोटा फ्रिजच का नाही ठेवत?

उद्यमनगरी_वायरमन

इन्व्हर्टर नको, घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढतोय, पाचशे व्हीएचा तिथंच बोंबलंल. ते सोडा.

करूळवाले दादा, हीटर गेलेला नाही. हीटर तुटला असता तर करंटच ओढला नसता आणि १४ चं १०.६ झालंच नसतं. शिवाय २३० चा हीटर वेगळा, १२ चा वेगळा असतोय हे खरं, पण तुझा १२ चा जिवंत हाय हे तुझ्याच मीटरनं सांगितलंय. 

आता आकडे बघ. १२ व्होल्टला १२० वॅट म्हणजे हीटर १.२ ओहमचा. त्याला १०.६ मिळाले की तो पावणेनऊ अँपिअर ओढणार आणि तापणार ९४ वॅटनं. व्होल्टेज थोडं पडलं तरी वॅट वर्गाच्या हिशोबानं पडतात. वाटंल की २६ वॅट गेले तर एवढं काय झालं, पण ह्या फ्रिजात पंप नाही मोटर नाही, अमोनिया मिसळलेलं पाणी खालच्या नळीत उकळायचं आणि त्या बुडबुड्यांनीच ते वर चढवायचं असं काम. उकळी मंदावली की वर काही चढतच नाही. त्यामुळं गारवा पाव हिश्श्यानं कमी होत नाही, पार बसतोय.

वाटेत गेले साडेतीन व्होल्ट. भागिले पावणेनऊ, म्हणजे सगळ्या रस्त्याचा रेझिस्टन्स ०.४ ओहम. दीड स्क्वेअरची तांब्याची वायर मीटरला ०.०११५ ओहमच्या आसपास, ९ मीटरला झाले ०.१. म्हणजे प्लसच्या वायरीत एक व्होल्टपण पुरा जात नाही. मग बाकीचे अडीच कुठं गेले? फ्यूज होल्डरात, सात पिनच्या कॉन्टॅक्टात आणि मायनसला. चेसिसला बोल्ट मारलाय म्हणतोस, म्हणजे करंट परत येताना हुकाच्या बॉलमधनं ग्रीस आणि गंज पार करत येतोय, नाहीतर लाईटच्या अर्थमधनं, म्हणजे लाईटच्या मायनसमधनं. पंचगंगेवरनं उपसा करताना मोटर कितीबी दांडगी बसवा, मधी एक फूटभर अर्ध्या इंचाची पाईप घातली की शेतात पाणी अर्ध्या इंचाचंच पडतंय.

दोन कामं कर. पहिलं, अंधारात फ्रिज चालू ठेवून ब्रेक आणि इंडिकेटर मारून मागं कुणालातरी बघायला लाव. टेल लाईट मंद होत असली नाहीतर इंडिकेटरबरोबर नाचत असली तर अर्थ गंडलाय. दुसरं, मीटर डीसी व्होल्टवर, एक लांब वायर जोडून काळी टोच बॅटरीच्या मायनस टर्मिनलला आणि लाल फ्रिजच्या मायनसला. इंजिन आणि फ्रिज दोन्ही चालू पाहिजेत, लोड नसताना सगळ्याच वायरी चांगल्या दिसतात, तुला १४ दिसले ते त्यामुळंच. आकडा लिहून ठेव. मग तसंच प्लसपासनं प्लसपर्यंत.

करूळ_घाट_उतरून

केलं लगेच. मायनसला २.०, प्लसला १.५. बेरीज बरोबर साडेतीन!! आणि ब्रेक मारला की मागचा उजवा लाईट नाचतोय असं पोरगं सांगत आलं. बॉनेटखालच्या फ्यूज होल्डरला हात लावला तर चटका बसला, एका बाजूचं प्लॅस्टिक पिवळं पडून वाकलंय. आत १५ चा फ्यूज आहे, तो मात्र उडालेला नाही.

उद्यमनगरी_वायरमन

फ्यूज उडणार नाही, कारण करंट जास्त नाहीच, कॉन्टॅक्ट ढिला हाय. ढिल्या कॉन्टॅक्टवर अर्धा व्होल्ट जरी पडला तरी तिथं चार-पाच वॅट उष्णता एका नखाएवढ्या जागेत. गाडीला आग लागते ती अशीच, त्यामुळं हा होल्डर आजच काढ, फ्रिज सुधरू दे न सुधरू दे.

बाकी असं कर. सात पिनचा सॉकेट लाईटला राहू दे, त्याच्यातनं फ्रिज काढायचाच नाही. बॅटरीवरनं वेगळी जोडी मागं ने, प्लस आणि मायनस दोन्ही, १० स्क्वेअर तांब्याची. मायनस पण बॅटरीपर्यंत वायरीनंच, बॉडीवर विसंबायचं नाही. मागं हुकाजवळ अँडरसन प्लग (जाड वायरींची जोडी जोडायचा प्लग) बसव, ५० अँपिअरचा राखाडी, ई-रिक्षावाल्यांकडं नाहीतर फोर्कलिफ्टची कामं करणाऱ्यांकडं मिळतोय. बॅटरीच्या प्लसपासनं वीतभर अंतरावर फ्यूज, २० अँपिअरचा. तो वायर वाचवायला असतोय, फ्रिज वाचवायला नव्हं, म्हणून बॅटरीजवळच पाहिजे, फ्रिजजवळ लावून उपयोग नाही.

मग रिले, म्हणजे चावीच्या बारीक करंटनं फ्रिजचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पिनचा ४० अँपिअरचा कुठल्याबी ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात. ३० ला बॅटरीकडनं फ्यूजमधनं आलेला प्लस, ८७ वरनं मागं फ्रिजला, ८६ ला चावीचा प्लस, ८५ अर्थ. चावीचा पॉइंट असा शोध की इंजिन चालू असतानाच करंट येईल, नुसतं गाणी ऐकायला चावी फिरवली की येणारा नको. हे नसलं तर काय होतंय, तू ढाब्यावर जेवायला बसणार, बाहेर फ्रिज १० अँपिअर ओढत बसणार, तीन तासांत ३० अँपिअर-तास गेले, जीपची बॅटरी ती केवढी, आणि डिझेल गाडीला धक्का मारायला ढाब्यावरची पोरं शोधत फिरणार.

थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्पिंगनं दाबून मारून घे, हातोड्यानं चेपून नको. वर हीटश्रिंक स्लीव्ह. वायर चेसिसच्या आतल्या बाजूनं, सायलेन्सरपासनं लांब, पत्र्याच्या भोकातनं जाईल तिथं रबरी ग्रोमेट.

आणि एक, वायर घेताना ब्लेडनं एक तार खरवडून बघ. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची. गाडीच्या स्पीकरवाल्यांकडं जाडजूड रंगीत वायर स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा तीच. पांढरी दिसली की परत दे.

पन्हाळा_बीएस६

वायरमन दादांचं सगळं मान्य पण १० स्क्वेअर कशाला? १८ मीटर जाऊन येऊन, ६ स्क्वेअरचा मीटरला ०.००२९ ओहम, ११ अँपिअरला मिळून ०.५७ व्होल्ट पडणार. १० स्क्वेअरला ०.३४. म्हणजे पाव व्होल्टसाठी जवळजवळ दीडपट पैसे. त्याच्यात १४.१ देणारी जुनी गाडी आहे, ६ वर पण फ्रिजला साडेतेरा मिळतील की.

उद्यमनगरी_वायरमन

हिशोब बरोबर हाय तुझा, कॉन्टॅक्टचे अजून पाव व्होल्ट धर म्हणजे झालं. नुसता फ्रिजच चालवायचा असला तर ६ पुरते. पण मी माणसं बघितलीत, आज फ्रिज, उद्या ट्रेलरमध्ये पंखा, मग एक बॅटरी, मग तिला गाडीवरनं चार्ज करायचं. बॅटरी चार्ज करताना २५ अँपिअर सहज जातात, तिथं ६ वर १.३ व्होल्ट पडले की चार्ज अर्धवट. वायर एकदाच ओढायची असते, खाली झोपून.

मिरजकर_तिकटी_ते_लेस्टर

इकडं इंग्लंडात हेच रडगाणं आहे हे बघून बरं वाटलं. इथं कॅरव्हॅनला १३ पिनचा सॉकेट असतो, आपल्या सात पिनात नुसते लाईट, ह्या तेरामध्ये ९ नंबरवर कायमचा १२ व्होल्ट, १० नंबरवर इंजिन चालू असतानाचा १२ व्होल्ट फक्त फ्रिजसाठी, आणि ११ नंबर त्या १० चा वेगळा परतीचा मायनस, ९ चा परतीचा १३ वर. म्हणजे वायरमन म्हणतायत तेच, फ्रिजचा मायनस लाईटच्या अर्थात मिसळू द्यायचा नाही, हे त्यांनी स्टँडर्डमध्येच घालून ठेवलंय. तरीपण त्या पिनांना वायर बहुतेक अडीच स्क्वेअरचीच येते, त्यामुळं इथले लोकपण फ्रिज गार होत नाही म्हणून मीटर घेऊन बोनेटात डोकं घालून बसलेले दिसतात.

मुद्दा असा की थ्री-वे फ्रिजकडनं गाडीवर गार करायची अपेक्षाच ठेवू नका. तो १२ वर गार केलेलं टिकवतो. निघायच्या आदल्या रात्री घरच्या २३० वर लावायचा, आत जे ठेवायचं ते पण घरच्या फ्रिजमधनं गार होऊनच आत गेलं पाहिजे. बाहेरून आणलेल्या कोमट बाटल्या भरून १२ वर टाकला तर वायर मनगटाएवढी जाड टाका, संध्याकाळपर्यंत वाट बघत बसाल. आणि १२ वर बऱ्याच मॉडेलना थर्मोस्टॅट नसतो, हीटर सलग चालू असतो, म्हणून बटण फिरवून फरक पडत नाही म्हणून घाबरू नका.

गॅसवर गाडी चालू असताना मात्र नको. ज्योत पेटलेली घेऊन पेट्रोल पंपावर जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. थांबल्यावर गॅस, आणि तेव्हा ट्रेलर पाणसळीत उभा पाहिजे, दोन-तीन अंशाच्या वर कलला की नळीतलं द्रावण एका जागी साचतं आणि गारवा बंद. चालत्या गाडीत हलून हलून ते चालून जातं, घाटातपण. लेव्हल बघायला गवंड्याची छोटी लेव्हल फ्रिजच्या तळात ठेवून बघा, ट्रेलरच्या ओट्यावर नको, ओटा तिरका असतो हो.

बर्फवाला_लक्ष्मीपुरी

मी उलटं बोलतो, रागवू नका. १० किलो बर्फ वितळायला साधारण ९३० वॅट-तास उष्णता लागते, हे शाळेतलं गणित आहे, किलोला ३३४ किलोज्यूल. तुमचा हा १२० वॅटचा हीटरवाला फ्रिज आत गारवा देतो किती, तर पंचवीस-तीस वॅटच्या आसपास, बाकी सगळी मागच्या नळ्यांतनं बाहेर. म्हणजे १० किलो बर्फ = ह्या फ्रिजचे तीस तास. ते पण आल्टरनेटरला (गाडीत वीज बनवतो तो) त्रास न देता, वायर न ओढता. जाड भिंतीची चांगली पेटी घ्या, कारखान्यातनं लादीचा तुकडा घ्या, सुरमई त्यात पुरा. मच्छीवाले फ्रिज घेऊन फिरतात का?

करूळ_घाट_उतरून

गणित आवडलं राव 😀 पण आम्ही चार दिवस जातोय, चार दिवस दूध, भाजी, औषध, प्रत्येक गावात लादी शोधत फिरायचं आणि पेटीच्या तळात पाणी साचून सगळं ओलं, ते घरात चालणार नाही. परतीच्या मच्छीला पेटी घेईनच, ते पटलंय.

उद्यमनगरी_वायरमन

बर्फवाल्यांचं एकदम टाकाऊ नाही. घरच्या डीप फ्रीजरला पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, निघताना दोन-तीन फ्रिजात रिकाम्या जागी कोंबायच्या. फ्रिज अर्धा रिकामा ठेवण्यापेक्षा ते बरं, १२ वर त्याचं ओझं कमी होतंय.

अजून एक विचारायचं राहिलं, फ्रिजच्या मागं हवा खेळायला जागा ठेवलीय का? उद्यमनगरात बनवलाय म्हणजे पत्रा, प्लायवूड सगळं गच्च बसवलं असणार, आपली माणसं फट ठेवतच नाहीत, फिनिशिंग दिसायला पाहिजे ना.

करूळ_घाट_उतरून

बाहेरून खाली एक जाळी आहे. वर नाही. मागं चार इंच जागा सोडलीय आणि वरनं प्लायवूडनं बंद.

उद्यमनगरी_वायरमन

मग निम्मं दुखणं तिथं हाय. वरची जाळी नसली तर गरम हवा जाणार कुठं, तिथंच घुटमळत राहणार आणि नळ्या थंडच होणार नाहीत. घरात लावला तेव्हा ट्रेलर सावलीला शेडमध्ये असणार म्हणून चालला. खालनं गार हवा शिरून वरनं गरम बाहेर पडली पाहिजे, फ्रिजच्या डोक्याच्या पातळीला बाहेरच्या पत्र्यात जाळी काढ. वरच्या जाळीत कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा बसव, तो खाणार ०.२ अँपिअरच्या आत, पण मे महिन्यात फरक दिसतोय. आणि मागच्या प्लेटवर क्लायमेट क्लास बघ, एन असला तर ३२ अंशापर्यंतच, एसटी ३८, टी ४३ पर्यंत. थंड देशातनं आलेला एन असला तर कोकणातल्या दुपारला त्याची चूक नाही.

खालची जाळी कधी बुजवू नको. गॅस हवेपेक्षा जड, गळती झाली तर खालनंच बाहेर जाणार.

पन्हाळा_बीएस६

माझा अनुभव पण टाकतो, कॉम्प्रेसर फ्रिजचा, कारण पुढं कुणीतरी हेच वाचून नव्या गाडीला हाच रिले लावेल आणि डोकं धरून बसेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाड्यांत बऱ्याच ठिकाणी आल्टरनेटर स्मार्ट असतोय. बॅटरी भरली की कॉम्प्युटर व्होल्टेज खाली आणतो, माझ्या गाडीत सरळ रस्त्याला १२.५ दाखवतंय आणि घाट उतरताना, ब्रेक लागला की १४.८. डिझेल वाचवायला केलंय ते. त्यावर तुमचा हीटरवाला फ्रिज लावला तर जाड वायर असूनही बारा-सव्वाबाराच मिळणार. व्होल्टेज बघून चालू-बंद होणारा रिले लावला तर तो १३.३ ला लागतो आणि १२.८ ला सुटतो, म्हणजे निम्म्या वेळ बंदच.

मी ट्रेलरमध्ये १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी ठेवलीय आणि मधी डीसी-डीसी चार्जर. तो ११-१२ व्होल्ट आले तरी उचलून बॅटरीला पाहिजे तेवढे देतो. त्याच्या ट्रिगरची एक बारीक वायर चावीला. फ्रिज त्या बॅटरीवर. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४ अँपिअर घेतो, पण सतत चालत नाही, दिवसभराची सरासरी दीड-पावणेदोन पडते, दिवसाला चाळीसेक अँपिअर-तास. गाडी दोन दिवस हलली नाही तरी चालतंय.

फक्त वायरचं भूत तिथं पण सोडत नाही. कॉम्प्रेसर फ्रिजला बॅटरी वाचवायची सेटिंग असते, हाय मिडियम लो. व्होल्टेज कमी दिसलं की तो स्वतः बंद होतो. बारीक वायर असली तर कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं, त्याला वाटतं बॅटरी संपली, बंद, मग परत चढलं, चालू, परत बंद. लोक म्हणतात फ्रिज खराब. माझ्या ओळखीच्याचा नवा फ्रिज दुकानात परत द्यायला निघाला होता तो, सिगरेट लायटरच्या सॉकेटवर लावलेला. तो सॉकेटच सोडून बॅटरीवरनं वायर दिली, झालं काम.

औषध_दुकान_शाहूपुरी

इन्सुलिनचं सांगते. न उघडलेलं २ ते ८ अंशात ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही, गोठलेलं परत वितळवून वापरत नाहीत, टाकूनच द्यायचं. वर लिहिलंय की १२ वर थर्मोस्टॅट नसतो, मग रात्री थंडीत आत पत्र्याच्या पात्यांना टेकून ठेवलेली वस्तू गोठू शकते. म्हणून दाराच्या कप्प्यात, डब्यात, आणि शेजारी साधा थर्मामीटर. बर्फाला चिकटवून पण नको. चालू वापरातली बाटली साधारण चार आठवडे थंड खोलीत बाहेर चालते, पण बंद गाडीत उन्हात नाही, आणि प्रत्येक प्रकाराचं वेगळं असतं, आजींच्या डॉक्टरांना नाहीतर डब्यातल्या कागदावर बघा. प्रवासाला दोन ठिकाणी विभागून ठेवा, सगळं एका फ्रिजच्या भरवशावर नको.

करूळ_घाट_उतरून

सगळ्यांचे आभार. झालं काम, सांगायला आलोय.

१० स्क्वेअरच घेतली, गांधीनगरात एकानं अॅल्युमिनिअमवाली गळ्यात मारायला बघितली, ब्लेड काढल्यावर म्हणाला दादा तुम्हाला चांगली देतो थांबा. 😄 होल्डर बदलला, जुना उघडला तर आतली पट्टी काळी ठिक्कर. रिले, अँडरसन प्लग, मायनस थेट बॅटरीला. वरची जाळी काढताना फॅब्रिकेशनवाला तोंड वाकडं करत होता, पत्रा कापायचा म्हणून, पण काढली. पंखा पण बसवला. प्लेटवर एसटी लिहिलंय.

आता आकडे. बॅटरीवर १४.१, फ्रिज चालू, फ्रिजच्या टोकाला १३.५. क्लॅम्प मीटरवर ११ अँपिअर. मायनसवर ०.२५. टेल लाईटचं नाचणं बंद. आदल्या रात्री २३० वर लावला, सकाळी निघताना आत ४ अंश, राधानगरीवरनं फोंडा घाट उतरून दुपारी मालवणात गेलो तर ६. बाहेर घाम निथळत होता. आजी म्हणाली ह्यो आता फ्रिज झाला.

एक राहिलं. तिथं समुद्राकडं दोन दिवस गाडी उभी असते, तेव्हा १२ बंद. टपावर सोलर पॅनेल टाकून त्याच्यावर हाच फ्रिज चालवला तर? १०० वॅटचं एक मिळतंय स्वस्तात.

उद्यमनगरी_वायरमन

नको. १२० वॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन युनिट. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला अर्धा युनिट देणार, झाडाखाली ट्रेलर लावणार तू, मग ते पण नाही. पाच-सहा पॅनेल तुझ्या टपावर मावत नाहीत, वर रात्रीसाठी बॅटरी वेगळी. पॅनेल घ्यायचंच असलं तर पंखा, दिवे आणि मोबाईलला घे.

उभा असताना गॅस. हा फ्रिज दिवसाला पाव किलोच्या थोडा वर गॅस खातो, ५ किलोची छोटी टाकी तुझ्या चार दिवसांना भरपूर. टाकी बाहेरच्या कप्प्यात, उभी, नळी नवी, आणि जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बघायचं. लेव्हल लावून मगच पेटव.

आणि तो १५ चा जुना फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवू नको, २० चाच एक जादा ठेव.